आईच्या रक्तातली मोजणी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून पुष्कळांनी आम्हाला रस्त्यात अडवून विचारले, की युनियनच्या माणसाला गर्भाच्या तपासणीतले काय कळते? शंका वाजवी आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री कंदिलाशी, आणि बहुधा कुणाचा तरी कागद हाती आला व त्याचा अर्थ लावून देणे भाग पडले म्हणून वाचले. हाही विषय कागदातूनच आला. ग्रॅच्युइटीचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद घेऊन येणारी माणसे गेली काही वर्षे त्यांबरोबर गर्भवती सुनेच्या, लेकीच्या रक्ततपासणीचे कागदही आणू लागली आहेत. प्राणहिता आणि गोदावरी यांवर पूल झाल्यापासून सिरोंच्याचा माणूस औषधपाण्याला नदीपलीकडे मंचेरियाल, करीमनगर, वारंगलकडे सर्रास जातो. येताना इंग्रजी अहवाल घेऊन येतो. ज्याने तो दिला तो डॉक्टर पलीकडे राहतो, आणि कागद वाचावयाचे काम आमच्याकडे येते.

तर हा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढेच आज बोलावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. परंतु ज्यांनी हे शास्त्र उभे केले त्यांचे म्हणणे समजून घेण्याचा यत्न केला आहे, आणि जे पक्के समजले तेवढेच सांगू.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. ही साधी संख्यासुद्धा १९५६ सालापर्यंत नीट ठाऊक नव्हती. तोवर पुस्तकांत ४८ असे छापलेले असे, आणि तेच पाठ करून कितीतरी डॉक्टर पास झाले. एखाद्या गर्भात २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन येते. त्या मुलाची वाढ सावकाश होते, शिकणे सावकाश होते, चेहऱ्याची ठेवण काहीशी ओळखू येण्याजोगी असते, आणि अशा मुलांपैकी निम्म्यांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो. लंडनचे डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ साली याचे वर्णन केले म्हणून त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. कारण मात्र १९५९ साली पॅरिसमध्ये कळले. त्या शोधाचे श्रेय बहुतांशी जेरोम लेजन यांना मिळाले; पेशी वाढविण्याची खटपट ज्यांनी केली त्या मार्थ गोतिए या बाईंचे नाव निबंधावर दुसरे आले, आणि तेही चुकीचे छापले गेले. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला याचे फारसे नवल वाटत नाही. असेच १८ आणि १३ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे जादा येणे आहे. ते विरळा आहे आणि फार जड आहे, त्यातली बहुतेक बाळे वर्षाच्या आतच जातात.

हे गर्भातच ओळखावयाचे तर पूर्वी एकच खात्रीचा मार्ग होता. पोटातून सुई घालून गर्भजल काढावयाचे, किंवा वारेचा कण काढावयाचा, आणि त्यातल्या पेशी तपासावयाच्या. ही तपासणी आजही आहे आणि शेवटचा शब्द आजही तिचाच आहे. परंतु सुईने गर्भपात होण्याचा धोका असतो. तो शेकडा एकाहून कमी आहे, तरी शून्य नाही.

१९९७ साली हाँगकाँगचे डॉक्टर डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की गर्भारपणात आईच्या रक्तरसात गर्भाकडच्या डीएनएचे बारीक तुकडे मोकळे फिरत असतात. ते वारेतून येतात, आणि बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत नाहीसे होतात. म्हणजे आईच्या दंडातून दोन चमचे रक्त काढले तरी त्यात बाळाकडचा निरोप असतो. अडचण एवढीच, की आईचे तुकडे आणि बाळाचे तुकडे एकात एक मिसळलेले असतात, आणि कोणता कोणाचा यावर शिक्का नसतो. ही अडचण २००८ साली सुटली. कशी सुटली ते सांगावयास आम्हाला तेंदूपत्त्याच्या फळीसारखा दुसरा दाखला सापडला नाही.

मे महिन्यात फळी लागते. समजा, एका फळीवर दोन घरांचे पुडे मिसळून वाळत घातले आहेत, थोरल्या घराचे आणि धाकट्या घराचे. पुड्यावर घराचे नाव नाही; पान कोणत्या जंगलातले एवढेच पाहून ओळखता येते. एका जंगलाचे शंभर पुडे यावेत, त्यांतले नव्वद थोरल्या घराचे आणि दहा धाकट्याचे, असा नेहमीचा हिशेब आहे. आता धाकट्या घराने त्या एकाच जंगलातून दोन माणसांऐवजी तीन माणसांनी पाने तोडली. त्याचे दहाचे पंधरा पुडे झाले. मुन्शीच्या मोजणीत त्या जंगलाचे शंभराच्या जागी १०५ भरतील आणि बाकी जंगलांचे शंभरच. एकाही पुड्यावर नाव नसताना धाकट्या घरात काही जादा आले हे मोजणीवरून कळले. थोरले घर म्हणजे आई, धाकटे म्हणजे बाळ, आणि जंगल म्हणजे २१ क्रमांकाचे गुणसूत्र. फरक शंभरात पाचाचा, म्हणून मोजणी शे-दोनशे तुकड्यांवर भागत नाही, लाखो तुकडे मोजावे लागतात. ते काम यंत्र करते. २०११ पासून ही तपासणी बाजारात आली. दहाव्या आठवड्यानंतर ती करता येते. त्याआधी धाकट्या घराचे पुडे फारच थोडे असतात, आणि ते शेकडा चाराच्या खाली असले तर पुष्कळ प्रयोगशाळा उत्तरच देत नाहीत.

आता जाहिरातीकडे वळू. जाहिरात म्हणते, नव्व्याण्णव टक्के अचूक. आम्ही युनियनच्या कामात पहिला धडा शिकलो तो हा, की टक्का ऐकला की लगेच विचारावे, कशाचा टक्का? बोनस ८.३३ टक्के मिळणार म्हणून कामगार खूष होतो, आणि मागून कळते की हिशेब त्याच्या पूर्ण पगारावर नसून कायद्याने ठरविलेल्या मर्यादेवर आहे. तद्वत इथे. नव्व्याण्णव टक्के म्हणजे, ज्या शंभर गर्भांत खरोखर तिसरे गुणसूत्र आहे त्यांतले नव्व्याण्णव ही तपासणी पकडते. हे मोठेच काम आहे. परंतु ज्या बाईच्या हाती ‘धोका अधिक’ असा कागद आला तिचा प्रश्न निराळा असतो. ती विचारते, माझ्या बाळाला आहे का? त्याचे उत्तर नव्व्याण्णव टक्के नाही.

हिशेब मांडून पाहा. दहा हजार तरुण बायका घ्या. त्यांच्या वयाला हजारात सुमारे एका गर्भात हा दोष धरू, म्हणजे दहा. तपासणी ते जवळजवळ सगळे पकडील. राहिले ९,९९० निर्दोष गर्भ. तपासणी त्यांच्यात हजारी एखादाच चुकीचा ठरविते असे धरले, तरी तेही दहा झाले. एकूण वीस बायकांच्या हाती तोच कागद, त्याच अक्षरांत छापलेला. आणि त्यांतल्या दहांचे बाळ निर्दोष आहे. चाळिशीच्या बायका घेतल्या तर प्रमाण शंभरात सुमारे एक असते. तेव्हा दहा हजारांत ९९ खरे सापडतील आणि दहा खोटे. यंत्र तेच, टक्का तोच, परंतु कागदाचे वजन बाईच्या वयाप्रमाणे बदलले. आमच्याकडे बायकांची लग्ने लवकर होतात, म्हणून पहिला हिशेब आम्हाला अधिक लागू आहे.

खोटा इशारा येतो तो यंत्र बिघडते म्हणून नव्हे. तुकडे वारेचे असतात, आणि क्वचित वारेत जादा गुणसूत्र असते पण बाळात नसते. कधी जुळ्यांपैकी एक गर्भ आधीच विरघळून गेलेला असतो. फार विरळा प्रसंगी तर आईच्याच शरीरातील कर्करोगाचे तुकडे मोजणीत येतात, आणि गर्भाच्या तपासणीतून आईचा रोग उघडकीस येतो. म्हणून शास्त्रज्ञ हिला निदान म्हणत नाहीत, चाळणी म्हणतात. चाळणीत वर राहिले ते सगळे खडेच असतात असे कोणती गृहिणी म्हणेल? ती हाताने निवडून पाहते. इथे निवडणे म्हणजे गर्भजलाची तपासणी.

आमच्या युनियनमधील एका अंगणवाडी मदतनीस बाईच्या सुनेची गोष्ट सांगतो. नाव गाव सांगत नाही. सून तेलुगू बोलणारी, पहिलटकरीण, वय बावीस. नदीपलीकडच्या एका दवाखान्यात कुणीतरी तिला ही तपासणी करावयास सांगितले. पैसे उसने काढले. कागद आला तो इंग्रजीत, आणि काउंटरवरच्या मुलाने तो हाती देताना तेलुगूत दोनच शब्द सांगितले, त्यांचा अर्थ ‘बाळात दोष.’ डॉक्टर त्या दिवशी नव्हते. घरी आल्यावर सासू म्हणाली, पाडून टाक; नवरा काही बोलेना; सून तीन दिवस जेवली नाही. मदतनीस बाई कागद घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “अन्ना, एवढं वाचून सांगा. दोष आहे असं लिहिलंय का, की असेल असं लिहिलंय?” हा प्रश्न त्या दवाखान्यातल्या कुणालाही सुचला नव्हता. कागदावर ‘असेल’ असेच लिहिले होते, आणि खाली बारीक अक्षरांत, गर्भजलाची तपासणी करून खात्री करून घ्यावी असेही होते. पुढे ती तपासणी मोठ्या शहरात झाली. बाळाची गुणसूत्रे ४६ निघाली. मुलगी आता अंगणवाडीत येते. उलट निकाल आला असता तरी आम्ही ही गोष्ट याच रीतीने सांगितली असती, कारण गाऱ्हाणे कागदाविषयी नाही, तो कुणी समजावून दिला नाही याविषयी आहे.

समजावून देणे ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. त्याची कथा थोडी मागे जाते. गर्भजलाची तपासणी आपल्या देशात १९७० च्या दशकात आली ती असलेच दोष ओळखण्यासाठी. थोड्याच वर्षांत ती मुलगी ओळखून काढून टाकण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर, विज्ञान-चळवळीतली माणसे याविरुद्ध उठली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून अमलात आला, आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे २००१ साली ९१३ होते ते २०११ साली ८९४ वर आले. गडचिरोली जिल्ह्याचे त्या साली ९६१ होते. मागासलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्याने पुढारलेल्यांना खाली मान घालावयास लावली ती या एका आकड्यात.

डॉक्टर लो यांनी १९९७ साली आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए आहे हे कशावरून दाखविले? मुलगा पोटात असलेल्या बायकांच्या रक्तात पुरुषाचे गुणसूत्र सापडले यावरून. म्हणजे या तपासणीला पहिल्याप्रथम जे सांगता आले, तेच नेमके आपल्या देशात सांगणे गुन्हा आहे. जो कोणी जादा पैसे घेऊन ते सांगू म्हणेल, तो तुरुंगाच्या कामाचा आहे असे समजावे.

त्या कायद्याचे चौथे कलम कोणत्या कारणासाठी गर्भ तपासता येतो ते सांगते. त्यात गुणसूत्रांचे दोष आहेत, आणि रक्तरंगद्रव्याचे दोषही आहेत, त्यांच्याकडे आम्ही पुढे येऊ. पाचवे कलम आम्हाला फार मोलाचे वाटते. बाईला सगळे परिणाम समजावून सांगावेत, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी, आणि त्या कागदाची प्रत तिला द्यावी, असे ते म्हणते. तिला समजणाऱ्या भाषेत! सिरोंच्यात उभे राहून हे शब्द वाचले म्हणजे त्यांचे वजन कळते. इथे बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी, रानात गोंडी आणि माडिया. मराठी कागदावर माडिया बाईचा अंगठा घेतला तर कलमाचे पोट भरते का?

वेळेचा हिशेबही पाहावा लागेल. दहाव्या आठवड्यानंतर रक्त द्यावयाचे, अहवालाला आठवडा-दोन आठवडे. गर्भजल पंधराव्या आठवड्याआधी काढीत नाहीत, आणि त्याच्या पूर्ण अहवालाला आणखी दोन-तीन आठवडे जातात. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात मर्यादा वीस आठवड्यांची होती. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याला चोविसाव्या आठवड्यात कळले, की गर्भाच्या हृदयात मोठा दोष आहे. ते उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि थोड्याच दिवसांत तो गर्भ आपोआप गेला. त्या खटल्याने देशभर चर्चा झाली. कायदा बदलावयास मात्र २०२१ साल उजाडले. आता काही वर्गांतील स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे, आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर दोष आहे असे ठरविले तर आठवड्यांची मर्यादा नाही. आणखी एक गोष्ट सासवांनी आणि नवऱ्यांनी ऐकून ठेवावी. सज्ञान बाईची स्वतःची संमती या कायद्याला पुरते. दुसऱ्या कुणाची सही तो मागत नाही. पाडण्यासाठी नाही, तशी ठेवण्यासाठीही नाही.

पण मंडळ कुठे आणि आम्ही कुठे! सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर, आणि आलापल्लीपर्यंतचा रस्ता कसा आहे ते या सभेला सांगावयास नको. जानेवारी ते एप्रिल आमच्या बायका मिरची तोडावयास तेलंगणात जातात. दिवस गेल्याचे तिकडेच कळते, आणि नोंदणी गावी परतल्यावर होते. दहावा आठवडा मिरचीच्या रानात निघून गेलेला असतो. रक्त साठविण्याच्या खास नळ्या असतात, त्यांत ते काही दिवस टिकते. पण त्या नळीलाही ऊन सोसत नाही, आणि मे महिन्यातले सिरोंचा आपल्याला ठाऊकच आहे. पैशाचे म्हणाल तर खाजगी प्रयोगशाळेत ही तपासणी साधारण दहा हजारांच्या आसपास सुरू होते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एका चाळणीसाठी चौतीस दिवस माती उचलावयाची.

इतरत्र काय केले ते पाहण्यासारखे आहे. हॉलंडने २०१७ पासून सर्व गर्भवतींना ही तपासणी देऊ केली. आरंभी बाई काही रक्कम भरत असे, २०२३ पासून तीही लागत नाही. इंग्लंडने २०२१ मध्ये निराळी वाट घेतली. आधी साधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी, आणि तीत शंका आली त्याच बाईला ही महाग तपासणी, सरकारच्या खर्चाने. आमच्यासारख्या देशाला ही दुसरी वाट अधिक परवडेल असे आमचे मत आहे. बायकांनीही हे ध्यानात ठेवावे, की अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली साधी तपासणी आणि चांगली सोनोग्राफी यांनीही दहांपैकी आठ-नऊ गर्भ ओळखता येतात. महागड्या कागदाखेरीज गत्यंतरच नाही हे खरे नव्हे.

आणि आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते आता. हा महाग कागद ‘धोका कमी’ म्हणाला की घरची माणसे समजतात, बाळ सर्व रोगांतून सुटले. तसे नाही. इथल्या घराघरांत जो रोग आहे तो सिकलसेलचा, आणि गुणसूत्रांच्या या मोजणीत तो दिसतच नाही. सिकलसेलमध्ये गुणसूत्रांची संख्या बरोबर ४६ च असते. एका गुणसूत्रावरच्या एका बारीकशा अक्षरात चूक असते. पुडे बरोबर भरले, पण एका पानाला भोक आहे. मोजणाऱ्या मुन्शीला ते कसे दिसणार? १९५८ साली नागपूरचे डॉक्टर शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या या रोगाविषयी लिहिले. विदर्भातल्या अनेक जातीजमातींत तो आहे, आदिवासींत विशेष. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेस चारांत एक बाळ रोगी निघण्याचा संभव असतो. आणि हे कळावयास दहा हजार लागत नाहीत. बोटाच्या थेंबावरची पहिली परीक्षा अगदी थोड्या पैशांत होते, खात्रीची त्यापुढची तपासणी सरकारी व्यवस्थेत आहे, आणि या रोगांवर काम करणारे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे केंद्र चंद्रपूरला आहे. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही काढली. तेव्हा जो डॉक्टर इथल्या बाईला महागडी मोजणी सांगतो आणि तिच्या नवऱ्याच्या बोटाचा एक थेंब पाहत नाही, त्याने विद्या कुठून आणली असे विचारावेसे वाटते.

शेवटी, चाळणीनंतर आणि गर्भजलानंतरही उत्तर ‘आहे’ असे आले तर काय? या बाबतीत आम्ही व्यासपीठावरून सल्ला देणार नाही. परंतु बाईपुढे सगळे चित्र ठेवावे. डाऊनच्या मुलांच्या हृदयावर आता शस्त्रक्रिया होते. जिथे उपचार मिळतात त्या देशांत ही माणसे साठीच्या आसपास जगतात, शाळेत जातात, काहीजण नोकरी करतात. आणि जिथे हृदयाचा डॉक्टर चारशे किलोमीटर दूर, शाळेत त्यांच्यासाठी शिक्षक नाही, आणि आईला मजुरी बुडवून घरी बसावे लागते, तिथे ओझे एकट्या आईवर पडते हेही खरे. दोन्ही गोष्टी तिला सांगा. ती एक म्हणाली काय आणि दुसरे म्हणाली काय, गावाने तिला बोल लावू नये.

युनियनच्या बायकांनी यंदा एक काम हाती घेतले आहे. हा कागद काय म्हणतो ते तेलुगू आणि माडिया भाषांत एका पानावर लिहून काढावयाचे, आणि आशाताईंनी ते घरी जाऊन वाचून दाखवावयाचे. तेलुगू पान झाले. माडिया पान ‘शक्यता’ या शब्दाशी अडले. चार बायकांनी चार शब्द सुचविले आणि एकही सगळ्यांना पटेना. तेव्हा एक म्हातारी बाई म्हणाली, शब्द राहू द्या, वीस पाने घेऊन मांडा. तिने दहा सुलटी मांडली, दहा उलटी मांडली, सगळ्यांवर फडके टाकले आणि म्हणाली, आता यातले एक काढ. तुझा कागद एवढेच सांगतो. पान अजून छापावयाचे आहे. ज्यांना माडिया उत्तम येते अशांनी सभा संपल्यावर आम्हाला भेटावे.